जुन्या नऊवारीची पट्टी

मैत्रिणींनो, श्रीगोंद्याच्या एका भगिनीचं पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. लिहिते, “मी रोज नेमानं शीर्षासन, सर्वांगासन करते. पाळीच्या दिवसांतही सोडत नाही, नेम मोडला की सगळंच सुटतं. पण हल्ली कंबर धरते, अंगावरून जास्त जातं. काय करू?” उत्तर दोन ओळींचं आहे. पण पत्र वाचलं आणि गीताताई आठवल्या, मग दोन ओळींत भागेना.

गीताताई म्हणजे पुण्याच्या गीता अय्यंगार, योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांची थोरली लेक. जन्म १९४४ चा. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं त्या अगदी खंगून गेल्या होत्या. वडिलांनी आसनांना लावलं आणि त्यातून ही मुलगी उभी राहिली. (म्हणून कुणी डॉक्टरांच्या गोळ्या केरात टाकू नका हं! त्या घरात गुरू चोवीस तास समोर होते.) १९७३ साली आई, रमामणीबाई, गेल्या. त्यांच्या नावानं मॉडेल कॉलनीत १९७५ मध्ये संस्था उघडली, आणि गीताताईंनी तिथे जन्मभर शिकवलं. बायकांच्या शरीराचा विचार करून त्यांनी लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९८३ साली आलं. पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ, सगळं त्यात मोकळेपणी आहे.

खरं सांगायचं तर मी त्यांच्यासमोर बसून शिकलेली नव्हे. आमच्या सावेडीतल्या बाई त्यांच्या शिष्या. माळीवाडा स्टँडवरून पहाटेची एस.टी. धरायची, पुण्याला वर्गाला जायचं, रात्री परत. असं किती वर्षं केलं त्यांचं त्यांनाच ठाऊक. तिथे शिकलेलं दुसऱ्या दिवशी आम्हा दहा-बारा जणींना इथे नगरला मिळायचं. तेव्हा आम्ही आपल्या गीताताईंच्या नातशिष्या!

मला वाटायचं, योग म्हणजे अंगाची घडी घालणं. बाईंनी पहिले दोन महिने नुसतं उभं राहायला शिकवलं. पायाची करंगळी जमिनीला टेकली का, गुडघा मागे गेला का, आणि हे बघताना श्वास कुठे आहे. एवढ्या चार गोष्टी सांभाळताना गॅसवरचं दूध, पोरांची फी, सासूबाईंचा रुसवा, सगळं आपोआप बाजूला व्हायचं. ध्यान ध्यान म्हणतात ते मला त्या करंगळीत सापडलं.

एकदा श्रावणात, सणासुदीच्या धबडग्यात, पाळी आलेली असताना मी वर्गाला गेले. बाईंनी चेहरा पाहिला आणि गोधडीची वळकटी करून मला तिच्यावर निजवलं. दहा मिनिटं. मैत्रिणींनो, मला रडू आलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि दिवसाउजेडी ‘जरा आडवी हो’ असं मला कुणी म्हटलं नव्हतं. बाई काही बोलल्या नाहीत. डोळ्यांवर रुमालाची घडी ठेवली आणि दुसरीकडे गेल्या. उठल्यावर एवढंच म्हणाल्या, की गीताताईंच्या वर्गात हे सुद्धा आसनच धरतात, सुट्टी नव्हे.

तर श्रीगोंद्याच्या ताई, नेम मोडायचा नाही, बदलायचा. त्या चार-पाच दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, म्हणजे अंग उलटं करायचं काहीही, अजिबात नको. पोटावर जोर येईल असंही नको. त्याऐवजी सुप्त बद्धकोणासन करा. गोधडीची घट्ट वळकटी पाठीच्या कण्याखाली उभी लावा, कंबर मात्र जमिनीवरच हवी. डोक्याखाली आणखी एक घडी द्या, हनुवटी वर जाता कामा नये. तळपाय एकमेकांना जोडून गुडघे दोन्हीकडे सोडा आणि मांड्यांखाली उशा द्या. पाय घसरतात, म्हणून जुन्या नऊवारीची लांब पट्टी कमरेमागून घेऊन पावलांभोवती बांधायची. संस्थेत पट्टे, लोड, ठोकळे असतात; आपल्याकडे ट्रंकेत सगळं आहे. पाच मिनिटांपासून सुरुवात करा. उठताना हातांनी गुडघे जवळ घ्या, कुशीवर वळा, मग बसा. ताडकन उठू नका. नंतर वाटलं तर पाय पसरून, समोर स्टुलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवा. कंबरेला फार बरं वाटतं. पाळी पूर्ण थांबली की तुमचं सर्वांगासन पुन्हा सुरू.

आणि अंगावरून जास्त जातंय म्हणता, तर आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून या. हे काम आसनावर ढकलू नका.

१४ डिसेंबर २०१८ ला अय्यंगार गुरुजींची जन्मशताब्दी झाली. गुरुजी स्वतः २०१४ मध्येच गेले होते. पुण्यात देशोदेशींचे शिष्य जमले होते. आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, गीताताई गेल्या. सोमवारी आम्ही वर्गाला गेलो तर बाईंनी वळकट्या आधीच मांडून ठेवलेल्या. एकीची पाळी नव्हती, एकीला बरं नव्हतं असंही नाही. आम्हा सगळ्यांना निजवलं आणि स्वतः भिंतीशी बसून राहिल्या. अर्ध्या तासानं आम्ही उठलो, तेव्हा सांगितलं.

बाईही आता नाहीत. त्यांची नऊवारीची पट्टी माझ्याकडे आहे, कडेनं दोरा सुटलेली. ताई, तुमच्या ट्रंकेत जुनं लुगडं नसेल तर कळवा, माझ्याकडे आणखी दोन आहेत.