प्रत करावी ती क्रमाची

व्यक्तिचित्रणाच्या वर्गात तैलरंगातली पहिली प्रत म्हणून व्हर्मीरची मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी अनेकजण निवडतात. निवड उत्तम आहे. सुमारे १६६५ सालचे हे चित्र जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचे. चेहरा एक, उजेड एका बाजूचा. प्रती बऱ्या उतरतातही. पण त्यानंतर समोर जिवंत माणूस बसला की तोच हात अडखळतो. आमच्या मते याचे कारण एकच : आपण पूर्ण झालेला पृष्ठभाग उतरवतो, तो ज्या क्रमाने घडला तो क्रम उतरवत नाही.

हा क्रम आता बराचसा ठाऊक आहे. द हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ साली या चित्राची सखोल तपासणी केली. व्हर्मीरने आधी तपकिरी-काळ्या छटांत उजेड-सावलीची मांडणी केली. मग पार्श्वभूमी आणि चेहरा. त्यानंतर पिवळे वस्त्र, पांढरी कॉलर, डोक्याचे वस्त्र आणि शेवटी मोती. म्हणजे मागून पुढे. आपले विद्यार्थी मात्र डोळ्यांपासून सुरुवात करतात आणि पार्श्वभूमी उरलेल्या रंगात भरून काढतात. मग चेहऱ्याची कड कापून चिकटवल्यासारखी दिसते, ती पुसट करण्यात आठवडा जातो.

त्या पार्श्वभूमीचेही नीट पाहायला हवे. ती काळी नव्हती. गडद थरावर हिरव्या रंगाचा पारदर्शक थर होता, घड्या पडलेल्या पडद्याचा. त्यातली नीळ आणि पिवळा वनस्पतिजन्य रंग काळाच्या ओघात विटले. ट्यूबमधला काळा सपाट फासणारा विद्यार्थी व्हर्मीरची नव्हे, रंग विटण्याची प्रत करतो.

सर्वांत मोठा धडा नाकात आहे. नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही. दोन्हींचा टोन एक झाला आहे, आणि तरी नाक दिसते. मोत्याला अडकवायची कडीही रंगवलेली नाही. वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचे मंद प्रतिबिंब, बस्स. नेमके काय रंगवायचे नाही, हे व्यक्तिचित्रकाराला इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळते.

म्हणून शिक्षकांना आमची आग्रहाची विनंती : पहिली बैठक केवळ अंबर आणि काळ्याची ठेवा. ती वाळू द्या. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट असू द्या. व्हर्मीरचा पांढरा शिशाचा होता. आपला टिटॅनियम त्याहून थंड आणि फार झाकणारा आहे, त्वचेत तो हात राखून घालावा, नाहीतर चेहरा खडूसारखा होतो. आणि मोबाइलच्या पडद्यावरून प्रत करू नये. पडदा स्वतःच उजळतो, सावल्यांचे टोन फसवतात.

आपल्याकडे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथले विद्यार्थी अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून प्रती करत होते. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. मूळ भिंतीसमोर बसण्याचे ते भाग्य व्हर्मीरच्या बाबतीत आपल्याला नाही, त्यामुळे क्रमाची शिस्त अधिकच हवी.

वाचकांनी आपल्या प्रती जरूर पाठवाव्यात. सोबत पहिल्या तपकिरी थराचे आणि मधल्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र असावे. चर्चेसाठी निवड करताना आम्ही तेच आधी पाहू.