कोसळणारा घोडेस्वार, घटणारे नाणे

उत्तरकालीन रोमन कांस्यनाण्यांना ‘राजकीय प्रचार’ म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. प्रचार तर तो आहेच. पण चित्रासोबत वजनही वाचावे.

इ. स. ३४८च्या सुमारास सम्राट कॉन्स्टँटियस दुसरा आणि त्याचा भाऊ कॉन्स्टन्स यांनी नवी नाणी पाडली. लेख होता ‘फेल टेम्प रेपारातिओ’, अर्थात सुखाचे दिवस परतले! मागील बाजूच्या चित्रांपैकी सर्वाधिक पसरले ते एक : रोमन सैनिक कोसळत्या घोडेस्वाराला भाल्याने भोसकतो आहे. तो शत्रू नीट न्याहाळा. कित्येक नाण्यांवर तो मागे वळून हात उंचावतो, जणू अभय मागतो.

आता तेच नाणे तराजूत टाका. आरंभी सुमारे ५ ग्रॅम, दहा वर्षांत जेमतेम निम्मे. चित्र मात्र तेच. ब्रिटनमध्ये लोकांनी त्याच्या ओबडधोबड नकला पाडल्या. त्यांतील अक्षरे पुष्कळदा निरर्थक, घोडेस्वार तेवढा ओळखू येतो. टाकसाळीला विजय छापता येत होता, धातू पुरवता येत नव्हता.

३५८च्या सुमारास घोडेस्वार नाण्यांवरून गेला. नव्या, आणखी लहान नाण्यावर लेख आला ‘स्पेस रेइपुब्लिके’ : राज्याची आशा. ३५९मध्ये सासानी सम्राट शापूर दुसरा याने ७३ दिवसांच्या वेढ्यानंतर रोमनांचे आमिदा जिंकून घेतले.