किळस खरी, पण रोख चुकीचा

अंघोळीचं पाणी शुद्ध करून संडासाच्या फ्लशला वापरायचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला, की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘दुसऱ्याच्या अंघोळीचं पाणी आमच्या घरात नको.’ विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो आणि टँकरचं बिल एकमतानं मंजूर होतं. तो टँकर कुठल्या विहिरीवर भरला, हे विचारायला मात्र कोणी उठत नाही.

या किळसेची मी टिंगल करणार नाही. सांडपाण्याला माणूस नाक मुरडतो, ते रोगराईच्या अनुभवातूनच. पण तुमचं पाणी मोरीच्या जाळीतून खाली गेल्यावर कुठं जातं? पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरतं आणि भीमा उजनीच्या धरणात. उजनीचं पाणी सोलापूर पितं. पुण्यात शुद्धीकरण केंद्रं आहेत, पण शहराचं सगळं सांडपाणी त्यांच्यातून पुरतं जात नाही. म्हणजे दुसऱ्याच्या अंघोळीचं पाणी आपण केव्हापासूनच वापरतो आहोत. मध्ये नदी आली, तिला आपण माता म्हटलं, एवढ्यानंच त्याचा विटाळ फिटला. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पिण्याच्या पाण्यातून काविळीची साथ पसरली, तेव्हा त्यामागे पुनर्वापराची कुठलीही योजना नव्हती.

सोवळ्याचाच हिशेब करायचा तर तोही करू. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागतं, असं आपल्याकडचं सरकारी मानक धरतं. त्यात अंघोळीला 55, कपड्यांना 20 आणि फ्लशला 30 लिटर. पिणं आणि स्वयंपाक मिळून अवघे 10. म्हणजे पिण्या-रांधण्याच्या तिप्पट पाणी, तेही पिण्याच्या दर्जाचं, आपण रोज मैल्यावर ओततो. ज्याला शुद्धतेची चाड आहे, त्याला खरं तर याचीच शिसारी यायला हवी. नुसत्या अंघोळीच्या पाण्यावर फ्लश भागून उरतो, आणि ते प्या असं कोणी म्हणतही नाही.

‘पण वास येतो ना!’ हा आक्षेप मात्र खराच आहे. न्हाणीचं पाणी शुद्ध न करता टाकीत दिवसभर साठलं की कुसायला लागतं. सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत, म्हणजे एसटीपीत, घाण खाणाऱ्या जीवाणूंना सतत हवा लागते, ती ब्लोअर पुरवतो. वीजबिल वाचवायला ब्लोअर तासन् तास बंद ठेवला, की ते जीवाणू मरतात आणि संडासात कुजका दर्प पसरतो. मग तीच कमिटी म्हणते, बघा, ही पद्धतच वाईट. पंप बंद ठेवून विहिरीला दोष देण्यातला हा प्रकार. बिल्डरनं पर्यावरण मंजुरीपुरता बसवलेला आणि ताबा देताना कोणालाही न समजावलेला एसटीपी नापास होणारच.

म्हणूनच ‘लोकांची मानसिकताच मागासलेली’ हे अधिकाऱ्यांचं आवडतं पालुपदही मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात 2006 मध्ये शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या साठ्यात मिसळण्यावर मतदान झालं. सुमारे 62 टक्क्यांनी ते नाकारलं. ती माणसं काही अडाणी नव्हती. याउलट नामिबियाची राजधानी विंडहुक 1968 पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिते आहे. सिंगापूरनं ‘न्यूवॉटर’ या नावानं शुद्ध केलेलं सांडपाणी आणलं तेव्हा पाण्याच्या बाटल्या लोकांच्या हातात दिल्या आणि प्रकल्प पाहायला दारं उघडी ठेवली. आपल्याकडे नाकारणाऱ्यांतले निम्मे तरी किळसेनं नव्हे, अविश्वासानं नाकारत असावेत, असं मला वाटतं. व्याख्यानांनी तो अविश्वास जात नाही.

आणखी एक गट आहे, ‘आजी मोरीचं पाणी केळीला घालायची’ म्हणणाऱ्यांचा. घालायची खरी, परसातला अळूही त्यावरच वाढायचा. पण त्या मोरीत राख आणि शिकेकाई जायची. आजच्या कपड्यांच्या पावडरीतला सोडियम मातीत साठत राहतो. तेव्हा परंपरेचा दाखला देऊन वॉशिंग मशीनची नळी थेट कुंडीत सोडू नये.

‘आधी उसाला सांगा’ म्हणणाऱ्यांचंही अर्धं बरोबर आहे. पाणी सर्वाधिक शेतीलाच जातं. पण शहरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, आणि त्याची जबाबदारी उसावर टाकता येत नाही. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं ताजं पाणी वाचतं. हे शहराला जमतं, तर दोनशे घरांच्या सोसायटीला फ्लशपुरतं का जमू नये?

ठराव मांडायचा तर अटींसकट मांडावा. फ्लशची नळवाहिनी वेगळ्या रंगाची, पिण्याच्या वाहिनीशी तिचा कुठंही सांधा नको. पाण्याची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत, आणि बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), कोलिफॉर्म जीवाणू, उरलेलं क्लोरीन यांचे आकडे दर महिन्याला लिफ्टशेजारच्या फळ्यावर. ब्लोअर अहोरात्र चालू. यंत्र चालवणारा माणूस शिकलेला हवा, त्याला पगारही तसाच हवा. आणि टाकी तुंबली तर साफसफाईसाठी तिच्यात माणूस उतरवायचा नाही, सुरक्षा साधनांशिवाय तसं करण्यावर 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, हेही लिहून ठेवावं. कारण पाण्याला शिवायला तयार नसलेली सोसायटी तेव्हा पहिला फोन त्याच माणसाला करते.