न निघालेल्या चित्रपटांची सूची आणि कोठी

चित्रपटसूची, म्हणजे एखाद्या दिग्दर्शकाच्या, संस्थेच्या किंवा शहराच्या नावावर असलेल्या चित्रपटांची सालवार नोंद, ही इतिहासाच्या अभ्यासकाची पहिली गरज असते. मात्र जे चित्रपट कधी निघालेच नाहीत त्यांचीही सूची रचता येते, आणि हैदराबादच्या बाबतीत तसे करणे हा नुसता विरंगुळा ठरत नाही. अशा कामात तीन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. 'हरवलेला' चित्रपट लोकांनी पाहिलेला असतो, पण त्याची प्रत उरलेली नसते. बाबूराव पेंटर यांचा 1920 चा 'सैरंध्री' या वर्गातला. 'राहून गेलेला' चित्रपट पटकथेपर्यंत पोचून थांबतो. सत्यजित राय यांचा 'द एलियन' असाच थांबला. 'कल्पित' चित्रपटाचा मात्र कोणी संकल्पही सोडलेला नसतो, तो सूचीकारानेच रचलेला असतो.

नसलेल्या कलाकृतीला असल्यासारखे वागवण्याची रीत जगात रुळलेली आहे. पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांनी 1971 मध्ये कधीच न लिहिल्या गेलेल्या पुस्तकांची परीक्षणे लिहिली, तर अमेरिकेत सिंडी शर्मन यांनी 1977 ते 1980 या काळात अस्तित्वात नसलेल्या चित्रपटांतील प्रसंगांची छायाचित्रे काढली आणि त्यांतली प्रत्येक नायिका स्वतःच उभी केली. तथापि त्याच्या कितीतरी आधी, हैदराबादेत चित्रकला शिकवणारे धीरेंद्रनाथ गांगुली यांनी स्वतःच नाना वेष घेऊन काढलेल्या छायाचित्रांचे 'भावेर अभिव्यक्ती' हे पुस्तक 1915 मध्ये प्रसिद्ध केले होते. एकच माणूस रंगभूषेच्या बळावर अनेक पात्रे होतो आणि प्रत्येक पात्रामागे एक न सांगितलेली गोष्ट सुचवतो, हे पाहता त्या पुस्तकाला न निघालेल्या चित्रपटांची पहिली भारतीय सूची म्हणणे वावगे ठरू नये.

गांगुली यांनी पुढे निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली आणि 'इंद्रजित', 'हरगौरी', 'लेडी टीचर', 'ययाति', 'चिंतामणी' असे मूकपट तयार केले. 1924 मध्ये त्यांच्या चित्रपटगृहात 'रझिया बेगम' दाखवला गेला. मुस्लिम राणी आणि हिंदू पुरुष यांच्या प्रेमाची ती कथा दरबाराला रुचली नाही, आणि गांगुली यांना संस्थान सोडावे लागले. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी आणि कालांतराने आपोआप कुजणारी असल्यामुळे लोटसच्या चित्रपटांची आज केवळ नावे हाती आहेत. केवळ नावानेच उरलेला खरा चित्रपट आणि नावापुरताच रचलेला कल्पित चित्रपट कागदावर सारखेच दिसतात, आणि म्हणूनच सूचीकाराने कल्पिताची खूण ठळक ठेवणे अगत्याचे ठरते.

हैदराबादेतल्या कोठी या भागाचे महत्त्व येथे आहे. मुसी नदीच्या उत्तर तीरावरील हा भाग ब्रिटिश रेसिडेन्सीभोवती, म्हणजे संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) निवासस्थानाभोवती वाढला, आणि रेसिडेन्सी बाजार, म्हणजे आजचा सुलतान बाजार, 1933 पर्यंत निजामाच्या नव्हे तर ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. हद्दपार होण्याऐवजी लोटसचा कारखाना नदी ओलांडून येथे आला असता तर, हा प्रश्न कल्पित सूचीचा पाया होऊ शकतो. 1931 पासून बोलपटांनी चित्रपटांची भाषावार विभागणी केली. त्यापूर्वीच्या मूकपटात मात्र प्रसंगांच्या मधल्या लेखी पाट्या अनेक लिप्यांत देण्याचा प्रघात असे. उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या संस्थानासाठी याहून सोयीचे माध्यम नव्हते, आणि 1907 मध्ये विवेकवर्धिनी शाळा काढणारा येथील मराठी समाज त्या पाट्यांचा वाचक होताच.

1924 ते 1931 या मुदतीतल्या दोन कल्पित नोंदी नमुन्यादाखल देता येतील. पहिली 'चिंच': 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात अफजलगंजच्या ज्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, तिच्या फांद्यांवर काढलेल्या रात्रीची ही कथा; न निघण्याचे कारण: पूर उभा करण्याचा खर्च. दुसरी 'रंगमहाल': रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि त्यांची पत्नी खैरुन्निसा यांची ही कथा; पडद्यात राहणाऱ्या बेगमेला रेसिडेन्सीची दर्शनी बाजू पाहता यावी म्हणून कर्कपॅट्रिक यांनी इमारतीची छोटी प्रतिकृती जनान्याच्या बागेत बांधली, अशी आख्यायिका आहे, आणि बेगम त्या प्रतिकृतीच्या दारांवरून बोट फिरवत असतानाच चार लिप्यांतली पाटी यावी. न निघण्याचे कारण येथे अधिक बोलके आहे, कारण ही कथा दरबाराला जितकी अडचणीची तितकीच रेसिडेन्सीलाही. नदी ओलांडूनही गांगुली यांची सुटका झाली नसती.

कल्पित सूचीचे खरे मोल या कारणांच्या रकान्यात आहे. नावे कोणीही रचू शकतो, परंतु प्रत्येक नावापुढे ते का निघाले नाही हे लिहू लागताच पैसा, सत्ता, भाषा आणि लोकभावना यांनी कोणत्या गोष्टी सांगू दिल्या नाहीत याचा हिशेब समोर येतो. ही सूची खऱ्या इतिहासाची जागा घेण्यासाठी नाही. कोठीतल्या जुन्या घरांत, रद्दीत किंवा फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत लोटसचे एखादे जाहिरातपत्रक निघाले, तर ते जपून ग्रंथालयात पोचवणे हे शंभर कल्पित नावे रचण्याहून मोठे काम आहे. पण काय शोधायचे याची नजर वाचकाला देण्याचे काम कल्पित सूचीही करू शकते, आणि म्हणूनच ती मनापासून करावी.