स्वतःच्या हातचा वशिला

परीक्षांचे निकाल लागून दोन महिने लोटले कीं सुशिक्षित घरांतील हवा पालटूं लागते. पेढे वांटून झालेले असतात, अभिनंदनाचे निरोप थांबलेले असतात, आणि जेवणाच्या पंगतींत एकच प्रश्न पुन्हां पुन्हां वाढला जातो : “मग, नोकरीचें काय झालें?” काका विचारतात, आत्याबाई विचारतात, शेजारचे अण्णा वर्तमानपत्र परत द्यावयास म्हणून येतात तेही विचारतात. ज्याला उद्देशून हा प्रश्न असतो, तो पानांतला भात चिवडीत म्हणतो, “अर्ज धाडले आहेत.” शंभर अर्ज धाडले आणि एकाचीही पोंच आली नाहीं, हें तो सांगत नाहीं. घरांतील लेकी-सुनाही आतां याच रांगेंत उभ्या असतात, आणि त्यांस तर प्रश्नाबरोबर एखादा उसासाही ऐकावा लागतो.

पूर्वीं अर्ज निदान कोणीतरी हातांत तरी घेई. आतां पुष्कळ मोठ्या कंपन्यांतून अर्जांची पहिली चाळणी संगणकच करतो. त्यांत भर अशी कीं, २०२२ सालच्या अखेरीपासून संभाषण करणारीं कृत्रिम बुद्धीचीं साधनें सर्वांच्या हातीं आलीं आणि अर्जही यंत्रच लिहून देऊं लागलें. परिणाम असा झाला कीं, सर्वांचे अर्ज नीटनेटके, सर्वांची भाषा गुळगुळीत, आणि सर्वजण सारखेच उत्साही, मेहनती व होतकरू! एकाच सांच्यांतून काढलेल्या मोदकांत आपला मोदक कोणता हें यजमानानें ओळखावें कसें?

अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, वशिला पाहिजे; अमक्याचे साडू तमक्या कंपनींत मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांना भेटून ये. तरुण मंडळी म्हणतात, युक्ति पाहिजे. मग कोणी अर्ज रंगीबेरंगी चित्रांनीं सजवितो, कोणी मिठाईच्या पेटींत घालून तो साहेबांच्या टेबलावर पोंचवितो, कोणी स्वतःची चित्रफीत काढून पाठवितो. दोन्ही पक्षांचा हेतु एकच : गठ्ठ्यांतून आपला कागद वर यावा. पण तो वर आल्यावर वाचणारा त्यांत काय पाहणार? वशिल्यानें ओळख होते, युक्तीनें लक्ष वेधतें. हा मनुष्य आमचें काम करील काय, या प्रश्नाचें उत्तर दोहोंतही नसतें. तें उत्तर जो अर्जाबरोबरच देतो, तो आपोआप निराळा दिसतो. इतिहासांतील तीन अर्जदारांकडून ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

पहिला अर्जदार लिओनार्दो दा व्हिंची. सुमारें १४८२ सालीं, वयाच्या तिशींत, त्यानें मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा यास लिहिलेल्या पत्राचा मसुदा आज उपलब्ध आहे. हा मनुष्य जगाला माहीत आहे तो चित्रकार म्हणून. परंतु पत्रांत त्यानें ओळीनें दहा कलमें घातलीं आहेत, तीं बहुतेक युद्धोपयोगी : हलके व चटकन् हलवितां येणारे पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढून टाकण्याची रीत, तोफा, भुयारें, आच्छादित गाडे. इमारती बांधणें व पाणी खेळविणें हीं शांततेच्या काळांतील कामें दहाव्या कलमांत, आणि शिल्प व चित्रकला यांचा उल्लेख अगदीं शेवटीं! कारण उघड आहे. इटलींतील राज्यें त्या काळीं आपसांत लढत होतीं, आणि राजाला चिंता होती ती लढाईची. लिओनार्दोनें स्वतःस काय प्रिय आहे हें मागें ठेवलें व समोरच्यास काय हवें आहे हें पुढें मांडलें. शिवाय यांपैकीं कांहीं अशक्य वाटल्यास, आपण म्हणाल तेथें प्रयोग करून दाखवितों, असेंही त्यानें लिहिलें. आमचे अर्ज बहुधा जन्मपत्रिकेसारखे असतात. कोठें शिकलों, किती गुण मिळाले, कोणते छंद आहेत, सारें कांहीं असतें. तुमची अडचण मला ठाऊक आहे, एवढें एकच वाक्य नसतें.

दुसरा अर्जदार मायकेल फॅरडे. लंडनमधील एका लोहाराचा हा मुलगा. शाळेंतील शिक्षण जुजबी. १८०५ पासून सात वर्षें पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी. बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचतां वाचतां त्याला शास्त्राची गोडी लागली. आपणांस शास्त्राच्या क्षेत्रांत कांहींतरी काम मिळावें, म्हणून त्यानें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पत्र लिहिलें. दारवानाकडे चौकशी करतां ‘उत्तर नाहीं’ एवढाच निरोप मिळाला. हा अनुभव आमच्या तरुणांस ओळखीचा वाटेल.

पुढें १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें तेथें टिपणें घेतलीं, घरीं येऊन तीं सविस्तर लिहून काढलीं, उपकरणांच्या आकृत्या काढल्या, आणि स्वतःच्या हातानें त्यांचें सुबक पुस्तक बांधून त्या वर्षाच्या अखेरीस डेव्हींकडे पाठविलें. मी लक्षपूर्वक ऐकतों, मला विषय समजतो, माझें अक्षर व आकृत्या नीट आहेत, हातीं घेतलेलें काम मी तडीस नेतों, हें त्याला कोठेंच लिहावें लागलें नाहीं. पुस्तकाच्या पानापानानें तें सांगितलें.

तरीही नोकरी लगेच मिळाली नाहीं, हें विसरूं नये. १८१३ च्या जानेवारींत डेव्हींनीं त्याला भेटीस बोलाविलें खरें, पण जागा रिकामी नव्हती. हातचा धंदा सोडूं नको, असाच सल्ला त्यांनीं दिला. पुढच्याच महिन्यांत प्रयोगशाळेंतील मदतनीस भांडणापायीं काढून टाकण्यांत आला, आणि डेव्हींना त्या पुस्तकवाल्या तरुणाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजीं फॅरडेची नेमणूक झाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग, शिवाय माडीवर राहावयास दोन खोल्या. १८३१ सालीं विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारा तो हाच. आज वीजघरांतील जनित्रें त्याच तत्त्वावर फिरतात. त्या पुस्तकानें जागा निर्माण केली नव्हती, पण जागा निर्माण झाली त्या दिवशीं आठवावयाचें नांव मात्र तयार ठेवलें होतें. अर्जदाराच्या हातीं असतें तें एवढेंच, आणि तें थोडें नाहीं.

तिसरा अर्जदार आपल्याच देशांतला. श्रीनिवास रामानुजन् हे कॉलेजच्या परीक्षेंत गणिताखेरीज इतर विषयांत नापास झालेले, हातीं पदवी नाहीं, १९०९ सालीं लग्न झालेलें, आणि घरीं गरिबी. ते गणिताच्या वह्या काखोटीस मारून कारकुनीची नोकरी शोधूं लागले. १९१० सालीं डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्यापुढें त्यांनीं वही ठेवली. अय्यर स्वतः गणिताचे जाणकार व इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक होते. वही पाहून या बुद्धीला कचेरींतील किरकोळ जागेंत कोंडूं नये असें त्यांस वाटलें, आणि त्यांनीं मद्रासच्या मंडळींना पत्रें दिलीं. १९१२ च्या मार्चमध्यें मद्रास पोर्ट ट्रस्टमध्यें दरमहा ३० रुपयांची कारकुनी मिळाली. १६ जानेवारी १९१३ रोजीं केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहितांना रामानुजन् यांनीं आपण साधे कारकून आहों व विद्यापीठाचें शिक्षण पुरें केलेलें नाहीं, हें पहिल्यांदाच सांगून टाकलें आणि पुढें आपलीं सूत्रें लिहिलीं. त्यापूर्वीं केंब्रिजच्याच दोघां गणितज्ञांकडून त्यांस साह्य मिळालें नव्हतें. हार्डींनीं मात्र सूत्रें वाचलीं. त्याच वर्षीं मद्रास विद्यापीठाची दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली व १९१४ सालीं रामानुजन् इंग्लंडास गेले. यांतही शिफारस होती, पण ती कामाच्या मागून आली. वशिला वाईट नाहीं; तो आपल्या हातच्या कामानें मिळविलेला असावा, इतकेंच.

आमचीं मुलें फॅरडे वा रामानुजन् नव्हेत, असें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु बुद्धि थोरांची असली तरी रीत कोणासही उचलतां येते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरानें ज्या कंपनींत अर्ज करावयाचा तिचा प्रसिद्ध झालेला वार्षिक अहवाल वाचून आपलीं निरीक्षणें एका पानांत मांडावीं. शिक्षिकेची जागा हवी असेल तिनें एका तासाच्या पाठाचें टिपण, फळ्यावरील आकृतीसह, जोडावें. संगणकाचें शिक्षण घेतलेल्यानें एखादा लहानसा, पण चालता कार्यक्रम करून दाखवावा. नमुना असा असावा कीं वाचणाऱ्यास पांच मिनिटांत पुरा पाहतां येईल. आणि शक्य तर तो ज्याच्या हाताखालीं काम करावयाचें त्या अधिकाऱ्यापर्यंत पोंचवावा. असे दहा अर्ज सांच्यांतल्या शंभरांपेक्षां अधिक मोलाचे. आठ-दहा दिवसांनीं एकदां विनयानें स्मरणपत्र धाडावें, दुसऱ्यांदा नको. आणि यंत्राची मदत घेतली तरी नमुना स्वतःच्याच हातचा असूं द्यावा, कारण मुलाखतींत त्यांतील प्रत्येक ओळीवर प्रश्न येतात.

दोन सावधगिरीच्या सूचना. सरकारी भरतींत यांतलें कांहीं करूं नये. तेथें नियम व गुण यांनाच मान असतो, आणि अधिकाऱ्यांवर वजन आणूं पाहणारा उमेदवार अपात्र ठरूं शकतो. दुसरें असें कीं, नमुना म्हणजे फुकटची वेठ नव्हे. जो मालक नमुन्याच्या नांवाखालीं आठवडेच्या आठवडे काम करून घेऊं पाहतो, किंवा नोकरीसाठीं अनामत रक्कम मागतो, त्याच्या दारांतूनच परतावें.

आतां शेवटचा मुद्दा, आणि तो घरांतील वडील मंडळींसाठीं आहे. फॅरडेच्या त्या पुस्तकामागें आणखी एक हात आहे. डेव्हींचीं व्याख्यानें ऐकण्यापूर्वीं, १८१० सालापासून, तो शहरांतील शास्त्रविषयक व्याख्यानांस जात असे. दर व्याख्यानास एक शिलिंग पडे. त्याच वर्षीं वडील वारले होते, आणि उमेदवाराच्या खिशांत शिलिंग कोठून येणार? तो शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टही लोहारकाम करणारा; भट्टीपुढें घाम गाळून मिळविलेल्या पैशांतून तो धाकट्याच्या व्याख्यानाचे पैसे भरी. याचा उपयोग काय, याची खात्री त्याला कोण देणार होतें?

एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य तें हेंच. एकाच्या कमाईच्या आडोशाला दुसऱ्यास सहा महिने उभें राहतां येतें. पण पोळी वाढतांना जर रोज तोच प्रश्न वाढला, तर तो आडोसा राहत नाहीं, कोंडवाडा होतो. मग मुलगा नमुना करीत बसत नाहीं. घरच्यांस आंकडा सांगतां यावा म्हणून भराभर अर्ज धाडीत सुटतो, आणि जेथें तेथें मिळेल ती खुर्ची पकडून जन्मभर कण्हत राहतो. त्याला एक टेबल द्यावें, सकाळचे तीन तास शांतता द्यावी, घरांतील कोणास त्या विषयांतलें समजत असेल तर त्यानें नमुना वाचून चुका काढाव्या. आणि प्रश्न विचारल्यावांचून राहवत नसेल, तर तेवढा बदलावा. आज रात्रीं पंगतींत “नोकरीचें काय झालें?” असें न विचारतां, “आज काय केलेंस? जेवण झाल्यावर दाखव पाहूं,” असें विचारून पाहावें. दाखविण्यासारखें कांहीं असेल, तर तो पानावरून लवकर उठेल. आणि नसेल, तर उद्यांपासून तें करावयास बसेल.