घरचा पाव आणि नवें यंत्र

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा शोकप्रसंग घडला. नऊ वर्षें बिनतक्रार राबणारें आमचें पाव करण्याचें यंत्र एका पहाटे पीठ मळतां मळतां थांबलें, आणि त्याच्या बुडाखालून पाण्याचा ओघळ ओट्यावर आला. मास्तरकीच्या जुन्या खोडीप्रमाणें मीं हिशेब केला. आठवड्यास तीन याप्रमाणें नऊ वर्षांत त्यानें चौदाशेंवर पाव भाजून दिले होते. एवढ्या चाकरीनंतर त्यास निवृत्त करण्यास माझी हरकत नव्हती; परंतु त्याच्या जागीं दुसरें कोणतें आणावें, किंबहुना आणावें कीं नाहीं, यावर घरांत जो वाद माजला तो इतर कुटुंबांतही होण्यासारखा असल्यामुळें येथें सांगतों.

ज्या घरांत दोन्ही वेळां पोळ्या होतात तेथें पावाचें यंत्र हवेंच कशाला, असें कोणी विचारील. आमच्याकडे त्याचें उत्तर म्हणजे मातोश्री. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. दांत केव्हांच गेलेले. पोळी कितीही कुस्करली तरी तिचा तुकडा घशाशीं अडकतो. पावाचा मऊ गर दुधांत विरघळतो आणि सुखानें उतरतो. त्यांतच रक्तदाबामुळें वैद्यांनीं मीठ बेतानें घेण्यास सांगितलेलें. पाव चवीला खारट लागत नाहीं, म्हणून त्यांत मीठ नसतें असा आपला समज असतो. प्रत्यक्षांत नेहमींच्या कृतींत अर्धा किलो पिठास आठ ते दहा ग्रॅम मीठ पडतें. घरीं केल्यास तें आपल्या हातीं राहतें.

शिवाय मातोश्रींनीं उभ्या जन्मांत बाजारचा पाव तोंडीं लावलेला नाहीं. पीठ पायांनीं तुडवितात म्हणून त्यास पाव म्हणतात, असें त्यांच्या माहेरीं सांगत. वस्तुतः हा शब्द पोर्तुगीजांच्या भाषेंतून आला, आणि गोव्यांत पाव भाजणारास 'पोदेर' म्हणतात तोही तिकडचाच. ही व्युत्पत्ति मीं त्यांना अनेकदां ऐकविली. परंतु व्युत्पत्तीनें रुचि पालटत नाहीं. आणि आमच्या घरांनीं पाव वर्ज्य केला त्याचें खरें कारण भाजणाराचे पाय नसून त्याची जात व धर्म हें होतें, हेंही प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. आंबविण्याची विद्या कांहीं आपल्याला परकी नव्हती. मद्य आंबविण्याच्या द्रव्यास 'किण्व' हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. असो. घरांत भाजलेला पाव मात्र मातोश्रींनीं पहिल्या दिवसापासून स्वीकारला.

यंत्र बंद पडल्यावर चिरंजीवांनीं दुकानचा पाव आणला. मातोश्रींनीं ताटली हलकेच बाजूला सारली व म्हणाल्या, "मला पेज पुरे आहे रे, माझ्यासाठीं खटाटोप नको." पंधरा दिवस त्या पेजेवर राहिल्या आणि त्यांचें वजन दीड किलोनें उतरलें. सौभाग्यवतींनीं हातानें पीठ मळून पाव केला. पण संधिवातानें त्यांचीं मनगटें सुजलीं. सूनबाईंना नऊ वाजतां कचेरी गांठावयाची. अखेर मीं बाह्या सरसावल्या. पंधरा मिनिटें मळल्यावर माझा दम उखडला, आणि 'यंत्र ही चैन आहे' हें आदल्याच दिवशीं केलेलें विधान मीं मुकाट्यानें मागें घेतलें. घरांतील श्रम दुसऱ्याचे हात करीत असतात तोंवर ते सोपे वाटतात.

जुनें यंत्र दुरुस्त होईल काय, हा पहिला प्रश्न. आणि नवें घेणारानें नेहमीं येथूनच आरंभ करावा. हें यंत्र म्हणजे एक पेटी, तींत एक भांडें, भांड्याच्या तळाशीं फिरणारें पातें व भोंवतीं तापणारी तार. पातें झिजलें अथवा आंतील पट्टा सैल झाला तर ते बदलतां येतात. आमच्या भांड्याच्या दांड्याभोंवतींची गळतीरोधक चकती फाटून पाणी खालीं झिरपत होतें. नुसतें भांडें बदलून काम भागलें असतें, परंतु त्या जातीचें भांडें आतां कोठेंच मिळेना. यावरून शिकलों तें हें: यंत्र घेतांना त्याचें सुटें भांडें व पातें पुढें मिळत राहील काय, हें आधीं विचारावें, बाकी गुण मागाहून.

चिरंजीवांनीं पसंत केलेल्या यंत्रांत एकोणीस प्रकारचे पदार्थ होत होते, मुरंबा व दहीं धरून. मीं विचारलें, गेल्या नऊ वर्षांत आपण किती प्रकार केले? उत्तर आलें, तीन. गव्हाच्या पिठाचा पाव, मैद्याचा पाव आणि नुसतें मळून फुगविलेलें पीठ. हे तीन ज्यांत उत्तम होतील तें यंत्र आपलें. कणकेच्या पावासाठीं निराळी योजना असावी, कारण कोंडा पाणी सावकाश शोषतो व पिठास मुरण्यास अवधि लागतो. आपल्या चक्कीची कणीक तर मैद्याहून बरेंच अधिक पाणी पिते. पाणी कमी पडलें कीं गोळा घट्ट होऊन पातें अडखळतें.

दुसरा भ्रम वॅटच्या आंकड्याचा. खोक्यावरील मोठा आंकडा पाहून मोटर बळकट आहे असें आपण समजतों. परंतु त्यांतील बहुतेक भाग भाजणाऱ्या तारेचा असतो. मळण्याची ताकद त्यावरून कळत नाहीं. ती पाहावयाची तर ज्याच्या घरीं तें यंत्र आहे त्याच्याकडे कणकेचा पाव करून पाहावा.

आकाराविषयीं सूनबाईंचें म्हणणें, माणसें आठ, तेव्हां सर्वांत मोठें भांडें घ्यावें. तें रास्त होतें. पण मोठ्या भांड्यांत थोडें पीठ घातल्यास तें पात्याच्या कचाट्यांत नीट येत नाहीं, एका कोपऱ्यांत पडून राहतें. रोजचा पाव मातोश्रींपुरता, आणि रविवारीं सर्वांचा. म्हणून मध्यम भांडें ठरलें. आडव्या भांड्यांत दोन पातीं असलीं तर पाव दुकानच्यासारखा लांबट होतो. उभ्या भांड्यांत एकच पातें असून पाव उंच होतो व तळाशीं पात्याचें भोंक राहतें. खाणारास त्या भोंकाचें दुःख नसतें.

अमेरिकेंतील पुतण्यानें तिकडचें यंत्र पाठविण्याची तयारी दाखविली. त्याचें प्रेम शिरोधार्य; पण तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मध्यें जड रोहित्र ठेवावें लागेल. त्यांतून तिकडे प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदास ६०, येथें ५०. त्यामुळें कांहीं मोटरींची गतिही बदलते. शिवाय बिघडल्यास दाद कोणाकडे मागावयाची?

या यंत्राची मूळ अडचण मळण्याचीच होती, हें सांगणारी एक गोष्ट मला फार आवडते. जपानांतील मात्सुशिता कंपनी, जी २००८ पासून पॅनासॉनिक म्हणून ओळखली जाते, घरगुती पावयंत्र बनवीत असतां आंतला पाव कच्चा व बाहेरचा करपलेला निघे. तेव्हां इकुको तनाका नांवाच्या तेथील एका बाई ओसाकाच्या एका नामांकित हॉटेलांतील मुख्य पाववाल्याकडे शिकाऊ म्हणून राहिल्या. तो पीठ ओढतांना त्यास पीळही देतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें. मग भांड्याच्या आंतील बाजूस उभ्या कंगोऱ्या बसविण्यांत आल्या आणि १९८७ सालीं यंत्र बाजारांत आलें. जें ग्रंथांत सांपडेना तें गुरुगृहीं सांपडलें. निवृत्त शिक्षकास ही गोष्ट गोड वाटावी यांत नवल नाहीं.

अखेरीस दोन यंत्रें निवडीस उरलीं. तेव्हां मातोश्रींनीं पलंगावरून एकच प्रश्न विचारला: "त्याचा आवाज फार होतो का रे?" आम्हीं इतका विचार केला, पण हा केला नव्हता. रात्रीं साहित्य घालून पहाटे पाव तयार व्हावा अशी घटिका लाविली, तर मळण्याचें काम भल्या पहाटे चालतें, आणि स्वयंपाकघराची भिंत त्यांच्या उशालगत. नऊ वर्षें ती खडखड त्यांनीं निमूटपणें सोसली होती. दोहोंपैकीं ज्याचा आवाज कमी तें घेतलें, आणि त्याबरोबर एक जादा भांडेंही विकत घेऊन ठेविलें.

पहिला पाव मात्र मध्यें खचला. कारण उघड होतें. मीठ किण्वास आवरून धरतें. मातोश्रींसाठीं मीठ कमी केलें आणि यीस्ट तितकेंच ठेविलें, त्यामुळें पीठ भाजण्याआधींच अतोनात फुगलें व खालीं बसलें. दुसऱ्या वेळीं यीस्ट पावहिश्शानें कमी केलें. आमचें आतांचें प्रमाण असें: कणीक ३०० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, पाणी २९० मिलिलिटर, तेल एक मोठा चमचा, गूळ तेवढाच, मीठ २ ग्रॅम, कोरडें यीस्ट पाऊण चहाचा चमचा. घटिका लावणार असाल तर आधीं पाणी, वर पीठ आणि सर्वांत वर खळग्यांत यीस्ट, म्हणजे तें वेळेआधीं भिजत नाहीं. आणि उन्हाळ्याच्या रात्रीं दूध मुळींच घालूं नये, नासतें. मळणें सुरू झाल्यावर दहा मिनिटांनीं झांकण उघडून पाहावें. गुळगुळीत गोळा दिसला पाहिजे. भेगा दिसल्यास चमचाभर पाणी, चिकट असल्यास चमचाभर पीठ. भांड्यांत धातूची कालथी कधींही घालूं नये.

तिसरा पाव चांगला उतरला. मातोश्रींनीं दोन काप दुधांत बुडवून खाल्ले, वाटी खालीं ठेवली, आणि म्हणाल्या, "जुन्याची सर नाहीं हो. पण उद्यां पुन्हां लाव." महिनाअखेर वजन केलें. एक किलो परत आलें आहे.