दाढ काढण्याआधी एक प्रश्न विचारा

थोडं लांब लिहितोय, पण विषय तसाच आहे.

आपल्याकडे गाल दुखला की दाढच दुखतेय, हे ठरलेलं. आधी लवंग, मग मिठाच्या गुळण्या, मग मेडिकलमधून गोळी, मग दातांचा दवाखाना. बहुतेकांचं दुखणं तिथे थांबतं. काहींचं मात्र थांबत नाही. एक दाढ काढली, शेजारची काढली, तरी कळ आहे तिथंच. दात घासताना, घास चावताना, साध्या वाऱ्याच्या झुळकीनंही गालात करंट बसतो. काही सेकंदच, पण दिवसातून कितीतरी वेळा. माणूस जेवायला घाबरतो.

याला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसेचं हे दुखणं. बऱ्याच जणांत एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर दाबत असते. पण रुग्ण तरुण असेल, दोन्ही गाल दुखत असतील, तर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसची शंका घ्यायलाच हवी. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खाते. वायरचं प्लास्टिक सोललं की शॉर्ट होतं ना, तसंच. एमआरआयमध्ये त्या जागा पांढऱ्या डागांसारख्या दिसतात.

'मेंदूत डाग' म्हटलं की घरचे हादरतात, गाठ समजतात. ही गाठ नव्हे. आणि प्रत्येक डाग एमएसचाही नसतो. वय, बीपी, मायग्रेन यांमुळेही डाग दिसतात. एमएसमध्येही डाग किती, यावर त्रास ठरत नाही. दहा डाग गप्प बसतात आणि नस जिथे मेंदूत शिरते तिथला एक बारका डाग माणसाला रडवतो. म्हणून रिपोर्ट न्यूरॉलॉजिस्टनेच वाचायला हवा.

आता खरा मुद्दा. तालुक्याला न्यूरॉलॉजिस्ट नाही. माझ्या ओळखीतल्या एका ताईंच्या तीन दाढा गेल्या, तेव्हा कुठे कुणीतरी शहरात पाठवलं. त्याआधी वर्षभर एका डोळ्याला धूसर दिसून आपोआप बरं झालं होतं, पायाला मुंग्या येत होत्या. पण दातांच्या दवाखान्यात डोळ्याचं कोण विचारणार?

औषधाचंही तेच. या दुखण्यावर साधी पेनकिलर फारशी चालत नाही. कार्बामाझेपिन ही जुनी, स्वस्त गोळी बऱ्याच जणांना चालते. पण ती फिटवरही देतात. मग घरात कुजबुज सुरू, 'सुनेला फिट येतात की काय?' आणि गोळी गुपचूप बंद. असं करू नका. अंगावर पुरळ आलं, चक्कर आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा, पण कुजबुजीपायी औषध सोडू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. पण हा आजार उलटतो, ओसरतो. तपासणीच्या दिवशी बाई चालत आली की 'हिला काय झालंय?' असं लोक तोंडावर विचारतात. गालातली कळ कुणाला दिसत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

माझं म्हणणं एवढंच. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी न्यूरॉलॉजिस्ट बसवा. दातांच्या डॉक्टरांनी, दात चांगला दिसत असताना कळ करंटसारखी असेल तर, उपटण्याआधी विचारावं: डोळ्याला कधी धूसर दिसलं? हातपाय बधिर होतात? तोल जातो? विचारायला दोन मिनिटं लागतात आणि फुकट होतं. काढलेली दाढ परत येत नाही.

आमदार, झेडपी सदस्य ही पोस्ट वाचतात, मला माहितीये. रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलता, यावरही बोला. आणि तुमच्या घरात कुणाचा गाल असा दुखत असेल, तर ही पोस्ट त्यांना आजच पाठवा.